पाखरवाडीची पाहणी

हिरवा फीडर. उजवा खांदा. उस्मानपुऱ्यातला पेंटर. नळ: परवा, नाहीतर तेरवा. निवडलेली ज्वारी. हाऽऽ हुर्रर्र.

पक्षी हा मूलतः माणसावर प्रेम करणारा जीव असून तो केवळ योग्य उपकरणाची वाट पाहत असतो, हे आता सर्वमान्य आहे. त्यानुसार पडेगावच्या आमच्या कॉलनीत 'पक्षिस्नेही अंगण' स्पर्धा जाहीर झाली. निवृत्त मंडल अधिकारी बद्रीनाथरावांनी झाडाला निवडलेल्या ज्वारीनं भरलेला हिरवा फीडर टांगला आणि पक्षी येण्याआधीच बंगल्यावर पाटी लावली: 'पाखरवाडी'. (आधी उद्घाटन, मग काम. सवय.)

पत्नी आशाबाईंना बंगल्याला आपल्या आईचं, कस्तुराबाईंचं, नाव हवं होतं. त्यांनी अट घातली.

"परीक्षक येतील तवा एक जरी पाखरू दिसलं, तर ऱ्हाऊ द्या पाटी. नाय दिसलं, तर माझ्या आईचं नाव."

"दिसंल की. लई दिसतील."

"व्हय. पाटी वाचून येतील."

नियम ३. फीडरजवळ शांतता पाळावी.

नियम १. पाण्याचं भांडं भरलेलं असावं. (नळ येईल त्या दिवशी. पक्ष्यांना वार कळवावा.)

नियम २, दाण्यांचा, मुंग्यांनी नेला.

पहिल्या आठवड्याचा अहवाल: खार, एक, परंतु ती पक्ष्याच्या व्याख्येत बसत नाही. चिमण्या येत होत्या. मात्र चिमणी दाण्यावर बसली रे बसली की बद्रीनाथरावांच्या तोंडून "हाऽऽ हुर्रर्र!" निघे आणि उजवा हात डोक्यावरून गरगर फिरे. त्यांचं बालपण लासूर स्टेशनजवळच्या शेतात, राखणीच्या उंच माळ्यावर उभं राहून, गोफणीनं ज्वारीवरची पाखरं हाकलण्यात गेलं होतं. (बाकी शरीर निवृत्त झालं. खांद्याची फाईल प्रलंबित राहिली.)

"अहो, तुमीच हाकलायलात!"

"मी कुठं? तोंड गेलं."

आशाबाईंनी त्यापुढं टोकलं नाही. पैजेत त्या आघाडीवर होत्या.

रविवारी परीक्षक आले: एक दंतवैद्य, एक प्राध्यापक, एक बँक मॅनेजर. बद्रीनाथराव तोंडात अख्खा पेढा आणि खिशात दोन्ही हात घालून उभे राहिले. शांतता. दोन चिमण्या उतरल्या. एकीनं दाणा टिपला. बद्रीनाथरावांचा खांदा थरथरला, खिसा उसवला, पण आवाज नाही! डोळ्यांत पाणी आलं. पाटी वाचली होती.

"हाऽऽ हुर्रर्र!" तिन्ही परीक्षक एका सुरात ओरडले. दंतवैद्यांनी तर गुणपत्रिकाच भिरकावली. (तिघंही शेतकऱ्यांची लेकरं. कॉलनीत दुसरं आहे कोण?)

लेखी निष्कर्ष: "पाहणीवेळी पक्षी आढळले नाहीत. अंगणाची राखण उत्कृष्ट. प्रथम क्रमांक."

"अगं, दिसल्या होत्या की चिमण्या! तू बघितल्यास!"

"अहवालात नाय. जन्मभर हेच सांगत आलात ना लोकांना?"

पेंटर संध्याकाळी आला.

वाचकहो, 'हाऽऽ हुर्रर्र' तुम्हीही मघाशी एकदा म्हणून पाहिलंत. नाकारू नका. खिडकीत बघा: तिथं काहीतरी बसलेलं होतं.

लासूर स्टेशनचं शेत बद्रीनाथरावांनी बंगल्यासाठी विकलं, तेव्हा कारण सांगितलं होतं: ज्वारी सगळी पाखरंच खातात.