चांगसाहेबांची गुलाबी पूड

बेळगावच्या कँपात दात काढणाऱ्या चांगसाहेबांना आयुष्यात कोणी कधी विरोध केला नव्हता. याचं कारण त्यांचा दरारा नव्हे. मनातले सगळे बेत ते माणसांना सांगत, पण ते त्या माणसांच्या तोंडात स्वतःची बोटं घातल्यावर. समोरचा "आँ" म्हणे. चांगसाहेब त्याचा अर्थ होकार असा घेत.

त्या सकाळी खुर्चीत हरिभाऊ होते. हरिभाऊ म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. सार्वजनिक काम दिसलं की धोतराचा सोगा खोचून सगळ्यांच्या पुढं. त्यांच्या अक्कलदाढेशी झटापट करता करता चांगसाहेब म्हणाले, "मास्तर, निपाणीची मिश्री मी वर्षाच्या आत बंद करतो."

"आँ," हरिभाऊ म्हणाले.

"बघा, तुम्हालापण पटलं."

चांगसाहेब मूळचे चीनमधले. कलकत्त्याला चुलत्याच्या हाताखाली दात काढायला शिकले आणि आगगाडीनं दक्षिणेकडं सरकत सरकत बेळगावला येऊन थांबले. दारावर घागरीएवढी लाकडी दाढ टांगली. मराठी ते रोग्यांकडून शिकले. त्यामुळं "आई गं", "मेलो" आणि "आज नको, उद्या येतो" एवढं त्यांच्या तोंडात आधी बसलं, बाकीची भाषा मागून आली. नावाचा मात्र त्यांना फायदाच झाला. जोतिबाच्या मुलखात ज्याचं नावच चांग, त्याला परका कोण म्हणणार? खेड्यातली माणसं "चांगभलं" म्हणून खुर्चीत बसत आणि "आई गं" म्हणून उठत.

आता मिश्रीचं. तंबाखूचं पान तव्यावर काळंकुट्ट भाजायचं, चुरायचं आणि ती पूड बोटावर घेऊन दातांना लावायची. नाव दात घासण्याचं, काम तलफ भागवण्याचं. दातांचं एकदा घासून भागतं, तलफेचं भागत नाही. त्यामुळं निपाणीच्या बायका दिवसभर दातच घासत असायच्या. त्यातून निपाणीत तंबाखूच्या वखारी इतक्या, की तिथले कावळेसुद्धा आधी शिंकायचे आणि मग ओरडायचे. तिकडून येणारी एकेक दाढ पाहून चांगसाहेबांचा जीव तुटे. दर बाजारच्या दिवशी निपाणीला जायचं, दात फुकट तपासायचे आणि बायकांची मिश्री सोडवायची, असा त्यांनी निश्चय केला.

त्यासाठी जागा हवी होती. निपाणी म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात मागं एक खोली रिकामी होती. चांगसाहेब आजवर जिथं जिथं राहिले तिथं भाडेकरू म्हणून राहिले. एखाद्या गावानं आपण होऊन एक खोली आपल्याला द्यावी, या कल्पनेनंच त्यांना झोप येईना.

निपाणीला जाणाऱ्या सर्व्हिस मोटारीत हरिभाऊंच्या गालातला कापूस निघाला आणि चार दिवसांपूर्वी सांगायचं राहिलेलं त्यांनी सांगून टाकलं. म्युनिसिपालटीचे प्रेसिडेंट मारुतीराव हेच निपाणीतले मिश्रीच्या पानाचे सगळ्यांत मोठे व्यापारी. त्यांच्यापुढं मिश्रीविरुद्ध अवाक्षर काढलं तर खोली राहू दे, परतीच्या मोटारीत जागा मिळणार नाही.

"मग आपण मिश्री गुपचूप बंद करू," चांगसाहेब म्हणाले. हरिभाऊंच्या तोंडात आता कोणाची बोटं नव्हती, पण सवयीनं त्यांच्या तोंडून "आँ" एवढंच निघालं.

मारुतीराव दिलदार गडी. दातांची सेवा म्हटल्यावर त्यांनी लगेच दवाखान्याची ओसरी मोकळी करून दिली. अट एकच. "बाया आल्या तर पाडव्याला आतली खोली तुमाला कायमची. न्हाय आल्या तर चिमटं उचलायचं आन् बेळगाव गाठायचं. रिकामी ओसरी बघून लोक मला हसत्यात."

पहिल्या बाजाराला एकही बाई ओसरी चढली नाही. चांगसाहेबांनी सगळे चिमटे स्वच्छ उकळून पांढऱ्या फडक्यावर ओळीनं मांडले होते. त्यांच्या दृष्टीनं ती स्वच्छता होती. बायांच्या दृष्टीनं ती लोहाराची हत्यारं होती. त्या लांबूनच तोंडाला पदर लावून बघायच्या आणि भाजी घेऊन जायच्या.

मग चांगसाहेबांनी ठेवणीतलं हत्यार काढलं. खडू, कापूर, लवंग आणि पुदिन्याचं सत्त्व घालून त्यांनी एक गुलाबी पूड बनवली होती. जिभेला लागली की थेट कानापर्यंत गार वाटायचं. मिश्रीच्या जागी ही फुकट द्यायची, असा बेत. पुढच्या बाजाराला हरिभाऊ पुड्या घेऊन ओसरीच्या पायरीवर उभे राहिले. फुकट म्हटल्यावर वखारीतल्या झाडून साऱ्या बाया आल्या, सगळ्यांच्या पुढं त्यांची म्होरकी नागुबाई. हरिभाऊंनी घसा खाकरला, "मिश्री सोडा" म्हणायला तोंड उघडलं, आणि बघतात तो कौतुक पाहायला खुद्द मारुतीराव खुर्ची टाकून बसलेले.

हरिभाऊंनी वाक्य अर्ध्यातच वळवलं. "बायांनो, मिश्रीला जशी माया लावता, तशीच हिलाही लावा."

झालं. बायांनी अगदी तसंच केलं. मिश्री आधी भाजतात, म्हणून त्यांनी घरी जाऊन गुलाबी पूड तव्यावर टाकली. चुलीच्या जाळानं कापूर पेटला. घराघरातून सुगंधी धूर निघाला. आण्णाप्पा कोष्ट्याची म्हातारी आई ओट्यावर बसली होती. आत आरती चालू झाली म्हणून तिनं हात जोडले आणि सून प्रसाद कधी आणते याची वाट बघत राहिली.

पण नागुबाई हिकमती बाई. तिनं सगळ्यांना शहाणं केलं. म्हणाली, ही कच्चीच असती गं, भाजायची न्हाय. आपली मिश्री भाजा, गार करा, आन् मग त्यात ही वरनं मिसळा, लाडवात वेलदोडा घालतो तशी.

त्यानंतर ओसरीवर जी रांग लागली ती मोडेचना. चिकोडीच्या, संकेश्वरच्या बाया बैलगाडीनं यायला लागल्या. पुढं पुढं त्यांचे नवरेही पुडी मागू लागले. चांगसाहेब रात्रंदिवस खडू कुटत होते आणि बेळगावात जे तोंड उघडेल त्याला सांगत होते, की निपाणी सुधारली. सगळी तोंडं "आँ" म्हणत होती.

एकच गोष्ट त्यांना कोड्यात टाकी. बायांच्या तोंडाला लवंगेचा वास यायचा, पण दात काही पांढरे होईनात. त्यांनी नागुबाईला विचारलं, पूड रोज वापरता ना?

"व्हय की. दिवसातनं धा-बारा येळा."

"मी तर दोनदाच सांगितलं होतं."

"आता काय सांगू, डाक्तर. सुटतच न्हाय."

चांगसाहेबांचे डोळे भरून आले.

पाडव्याच्या दोन दिवस आधी मारुतीरावांचं बोलावणं आलं. मिश्रीच्या धंद्यासंबंधी बोलायचं आहे, असा निरोप. हरिभाऊंना वाटलं, मिश्री खपेनाशी झाली आणि प्रेसिडेंटांना सुगावा लागला. चांगसाहेबांनी मात्र शांतपणे चिमटे गुंडाळून ठेवले. खोली गेली तर गेली, ते म्हणाले, मिश्री तर गेली.

पाडव्याला दोघं पोचले तर दवाखान्यापुढं मांडव होता. वाजंत्री होती. मारुतीरावांनी चांगसाहेबांच्या गळ्यात हार घातला आणि सभेकडं वळून म्हणाले, "माझ्या बापानं जन्मभर मिश्रीचं पान इकलं, मी इकतोय. पर ह्या चांगआण्णांनी मिश्रीला जी चव आणली, ती आमाला कुनाला सुचली न्हाय. माल वखारीत उरंना झालाय."

एवढ्यात नागुबाईनं पुढं होऊन पितळी डबी उघडली आणि चांगसाहेबांच्या नाकापुढं धरली. काळ्या मिश्रीत गुलाबी ठिपके. वास थेट त्यांच्या दुकानाचा. मारुतीरावांनी दोरी ओढली तसा आतल्या खोलीवरचा पडदा सरकला आणि पाटी दिसली: 'सुवासिक चांग मिश्री. डाक्तरांनी नावाजलेली.'

चांगसाहेबांनी तोंड उघडलं. उघडंच राहिलं. जन्मात पहिल्यांदाच तोंड त्यांचं उघडं होतं आणि बोलत होते ते दुसरेच. शेवटी त्यांच्या घशातून एकच आवाज निघाला.

"आँ."

"बघा, डाक्तरांनी खोली घेतली," मारुतीराव म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

परतीच्या मोटारीत हरिभाऊ म्हणाले, झालं ते झालं, खोलीची किल्ली उद्या परत करून येऊ. चांगसाहेबांनी किल्ली मुठीत आवळली. वाटेत यमकनमर्डी मागं पडली तसा त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी मारुतीरावांना निरोप धाडला: नाव माझं, तर मिसळणंही माझ्याच हातचं. मारुतीरावांनी आनंदानं कबूल केलं. हाताला गुण असतो, हे त्यांना मान्य होतं.

मग चांगसाहेबांनी दर बाजाराला मिसळणीतली चिमूटभर तंबाखू कमी करून चिमूटभर खडू वाढवायला सुरुवात केली. रंग जाऊ नये म्हणून करवंटीचा कोळसा घातला. दसऱ्यापर्यंत त्या मिश्रीत तंबाखू नावालाही उरली नाही. बायांची तक्रार नाही. मारुतीरावांची तर अजिबातच नाही. तंबाखूच्या भावानं कोळसा खपवण्याचं भाग्य त्यांच्या घराण्यात आधी कोणाला लाभलं नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या बाजाराला नागुबाई खुर्चीत बसली. चांगसाहेबांनी तिचं तोंड उघडलं आणि ते थक्क झाले. हिरड्या घट्ट. वरचा काळा थर खरवडला तर आत दात मोगऱ्याच्या कळीसारखे. कढ आवरत त्यांनी विचारलं, "नागुबाई, आता तर सुटली ना मिश्री?"

"आँ," नागुबाई म्हणाली.

"बघा मास्तर, सुटली," चांगसाहेब बाजूला उभ्या हरिभाऊंना म्हणाले.

नागुबाईनं त्यांचं मनगट धरलं आणि हात तोंडातून बाहेर काढून मांडीवर ठेवून दिला.

"डाक्तर, तोंडात हात घालून इचारलं तर मानूस काय सांगंल? तुमच्या पुडीत आता काय दम न्हाय बगा. म्हून आमी पैल्यांदा तुमची लावतो, चूळ भरतो, आन् मग आमची घरची लावतो." मग त्यांना वाईट वाटू नये म्हणून तिनं मायेनं सांगितलं, "तुमचीबी सोडनार न्हाय वो. दात सोच्छ असलं की मिश्री लई झ्याक धरती."

चांगसाहेबांनी थोडा विचार केला आणि तिच्या हातावर एकाऐवजी दोन पुड्या ठेवल्या.

खोली पुढं कैक वर्षं चालली. चांगसाहेबांची एक सवय मात्र त्या दिवसापासून बदलली: रोग्याला काही विचारायचं झालं की आधी ते त्याच्या तोंडातून हात बाहेर काढत आणि उत्तराची वाट बघत. याचा सगळ्यांत जास्त त्रास हरिभाऊंना झाला. त्यांना आता उत्तर द्यावं लागे.