दहा प्रश्नांत हुशार

परीक्षेला दोन दिवस उरले असताना कंपनीच्या इंजिनिअरने संगणकातली छपाईची सोय बंद केली आणि उत्तराची वेळ अर्ध्या सेकंदाने खाली आली. मग त्याला चटकच लागली. त्याने चुका तपासणं बंद केलं, नोंदी जपून ठेवणं बंद केलं, वीज गेली तर काय करायचं तेही बंद केलं. पाणीपुरवठा कार्यालयाने दहा प्रश्न आधीच छापून दिले होते आणि जो संगणक ते सर्वांत लवकर सोडवेल त्याला कंत्राट मिळणार होतं. बाकी तो काय करतो याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं. विकणाऱ्या सगळ्याच कंपन्या असं करत, त्यामुळे याला लबाडी म्हणायची पद्धत नव्हती. ‘जुळवणी’ म्हणत.

इंजिनिअर चार वर्षं हंगामी होता. कंत्राट मिळालं तर नोकरी कायम, नाहीतर नारळ, असं कंपनीच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. त्यात तो घरजावई. सासरे रोज बरोबर पहिल्या घासाला विचारायचे, “काय म्हणते नोकरी?”

“वेळ अजून खाली येईल?” साहेबांनी विचारलं.

“सर, आता काढण्यासारखं काही उरलंच नाही.”

“उत्तरं माहीत आहेत ना आपल्याला? मग बिचाऱ्याला शोधायला कशाला लावता? पाठ करून घ्या.”

इंजिनिअरने उत्तरं पाठ करून घेतली. शिवाय एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तर पंचाईत नको, म्हणून काहीही विचारलं तरी दहातला जवळचा प्रश्न पकडून त्याचं उत्तर ठोकायचं, हेही शिकवलं.

परीक्षेत इतरांच्या संगणकांना चार-चार सेकंद लागले. याचा संगणक बटणावरचं बोट उचलायच्या आत मोकळा. कार्यालयाच्या मुख्य अधिकाऱ्यांनी हातातलं घड्याळ दोनदा झटकून बघितलं.

तेवढ्यात तक्रार खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “मी एक विचारू?”

“यादीबाहेरचं नियमात बसत नाही,” साहेब घाईघाईने म्हणाले.

“विचारू द्या हो. सव्वीस वर्षं खिडकीवर आहेत त्या,” अधिकारी म्हणाले.

बाईंनी एकेक अक्षर शोधत लिहिलं: शाळेमागच्या गल्लीत पाणी कधी येणार? पडद्यावर उत्तर आलं: तक्रार निकाली. नागरिक समाधानी.

“मी त्याच गल्लीत राहते,” बाई म्हणाल्या. “आज सकाळी शेजारणीकडून बादली आणली.”

त्यांनी पुढे विचारलं, एकूण किती तक्रारी पडून आहेत? शून्य. बाईंच्या मागे तक्रारींच्या अकरा वह्यांची चळत होती. त्यांनी चष्मा सारखा केला आणि लिहिलं, तुला लाज किती आहे?

शून्य.

आता खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून इंजिनिअर उठला. “सर, एक सांगायचं राहिलं.”

“थांबा,” अधिकारी म्हणाले. त्यांची नजर त्या शून्यावरून हटत नव्हती. “एवढ्या वर्षांत हा आकडा मी कधी बघितला नव्हता. सोमवारी वरून तपासणी आहे. तेही हेच दहा प्रश्न विचारतात.”

कंत्राट तिथल्या तिथे ठरलं. बाईंनी एकच अट घालायला लावली. “हे यंत्र निकाली म्हणणार आणि लोक माझा जीव खाणार. ज्याने याला शिकवलं, तोच माणूस खिडकीवर बसवा. कायमचा.”

“कायमचा,” साहेबांनी आनंदाने सांगून टाकलं.

मंगळवारी इंजिनिअर खिडकीत बसला. नोकरी कायम झाल्याचं पत्र खिशात होतं आणि रांग फाटकापर्यंत गेली होती. पहिल्या आजीबाईंनी रिकामी बादली खिडकीच्या कठड्यावर ठेवली. त्याने पडद्यावरचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“तू नवीन दिसतोस. किती दिवस आहेस इथे?”

“कायम आहे, आजी.”

“मग घाई नाही,” त्या म्हणाल्या. “मी रोज येत जाईन.”