पोपट कुणी सोडला?

घड्याळजींनी चार दिवस दुकान बंद ठेवलं, तेव्हा बायकोला वाटलं, तब्येत बिघडली. बिघडला होता तो वडिलांचा जुना टेपरेकॉर्डर. माळ्यावरून तो उतरवताना एक कॅसेटही सापडली होती आणि तिच्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं : ‘पोपट बोलतो’.

ताईचा पोपट उडाला त्या दुपारी वडिलांनी पिंजऱ्याशेजारी रेकॉर्डर चालू ठेवला होता, हे घड्याळजींना पक्कं आठवत होतं. दार उघडं टाकल्याचा आळ आला दहा वर्षांच्या त्यांच्यावर. त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली, तरी ताई दर वेळी निघताना म्हणायची, "दार नीट लाव हो, तुझा काही भरवसा नाही."

"रविवारी ताई येतेय. तिच्यासमोरच लावणार."

"अहो, आधी ऐकून तरी बघा!"

"ऐकायचंय काय? मी कडी लावली होती!"

रेकॉर्डरचा पट्टा तुटलेला. त्यांनी डब्याचं रबर ताणून बसवलं, तर यंत्राने फीतच गिळली. ती पेन्सिलीने गुंडाळता गुंडाळता शनिवार उजाडला. फीत आता जेमतेम एकदा वाजली असती.

रविवारी सगळे बसले. चौऱ्याऐंशी वर्षांची आई दोनदा म्हणाली, "कशाला जुनं उकरतोस?" घड्याळजींनी बटण दाबलंच.

थोडी खरखर झाली. मग पोपट बोलला, थेट आजीच्या आवाजात : "सूनबाई, चहा कुठाय? सूनबाई, झोपलीस का?"

कडी वाजली. पाठोपाठ आईचा तरुण आवाज : "जा रे बाबा, जा. एक सासू पुरे आहे मला."

तिथेच फीत तुटली.

"ऐकलंस, ताई?" घड्याळजींचे डोळे भरून आले. निर्दोष सुटल्याचा एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

आईने चष्मा पुसायला घेतला. "सासूबाईंचा डोळा लागला, की हा मेला सुरू व्हायचा."

"अगं, पण आळ माझ्यावर?"

"तू लहान होतास. तुला कोण घराबाहेर काढणार होतं?"

ताई उठली. तिने आईला जवळ घेतलं आणि भावाकडे वळली. "झालं समाधान? म्हातारपणी आईला चारचौघांत उघडं पाडलंस!"

"मी?"

"नाहीतर काय, पोपटाने?"

ती फणकाऱ्याने निघाली. घड्याळजी आशेने दारापर्यंत गेले. ताई चार पायऱ्या उतरून थांबली.

"आणि दार नीट लाव."

त्यांनी कडी घातली, दोनदा हलवून पाहिली. इतक्यात आतून आईची हाक आली, "सूनबाई, चहा कुठाय? सूनबाई, झोपलीस का?"

बायकोने पायात चपला सरकवल्या.

"अहो, ती कडी जरा परत काढा बघू," ती म्हणाली.