चौगुले सरांची मुख्य पाकळी

"पावणं, पट्टा काढा!"

मंगळवार पेठेत राहायला आलो तेव्हा शेजारच्या चौगुले सरांनी माझं स्वागत केलं ते या शब्दांत. त्यांच्या गच्चीच्या शेवटच्या पायरीवर मी एका हातानं पँट धरून उभा, आणि समोर एक बुट्टी, म्हणजे वेताची टोपली. पट्टा, किल्ल्या, घड्याळ तिच्यात ठेवायचं. मोबाईलही बंद करून ठेवायचा. मी पुरता हादरलो. हा माणूस लुटतोय की सोवळं पाळतोय, तेच कळेना.

"कसलाबी धातू जवळ आला की रीडिंग बोंबलतंय," सर म्हणाले.

सर इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतात आणि दर रविवारी सकाळपासून गच्चीवर अँटेना मोजतात. अँटेना म्हणजे तांब्याचे सोळा चौकोन असलेली वहीएवढी पाटी. गणपतीच्या कारखान्यातून आणलेल्या फिरत्या पाटावर ती उभी केलेली. पाट पाच अंश फिरवायचा, आकडा लिहायचा, परत पाच अंश. शेवटी कागदावर फुलासारखी आकृती उमटते. समोर एक लांब पाकळी, बाजूंना बारक्या चार-दोन.

"ही मुख्य पाकळी. खरी ताकद हिच्यात. बाजूच्या म्हंजे निस्ती उधळपट्टी!"

हाच न्याय ते माणसांनाही लावतात. मी एकदा ऑफिसातली गाऱ्हाणी सांगत बसलो, तर म्हणाले, "तुमची समदी ताकद बाजूच्या पाकळ्यांत चाललीया की!" मला राग आला. खोटं नव्हतं, म्हणून जास्तच आला.

एवढा खटाटोप कशासाठी, असं एका रविवारी विचारलं.

"आजऱ्याकडं आई एकटी हाय. घरात रेंज न्हाय. मला फोन कराय टेकडी चढती. ही पाटी तिच्या घरावर बसवणार. टॉवर खिंडीपल्याड हाय, म्हणून पाकळी नेमकी पायजे." मग हळूच म्हणाले, "महिनाभर तिचा फोनच न्हाय. टेकडीवरची बी रेंज गेली वाटतं." आणि आणखी जोमानं पाट फिरवायला लागले.

पुढच्या रविवारी जिन्यात एक म्हातारी भेटली. हातात तांदळाची पिशवी, धाप लागलेली.

"चौगुल्यांचा बाळू हितंच ऱ्हातो न्हवं? बरा हाय न्हवं त्यो?"

मी तिला हाताला धरून वर नेलं. लेकाला बघताच ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली.

"चार आयतवार टेकडी चढले रं. शेजारची सुमी हात धराय आता आयतवारीच मोकळी असती. तुजा फोन आपला बंद! वाईटसाईट मनात आलं, पयली एसटी धरली."

सरांनी बुट्टीकडं पाहिलं. तिच्यात त्यांचा मोबाईल होता, दर रविवारसारखा बंद. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, तुझ्यासाठीच..." एवढंच ते म्हणाले. मोबाईल चालू करून त्यांनी खिशात ठेवला.

आई अँटेनाच्या बरोबर समोर बसली होती. हातात पाटल्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. सर आता ओरडणार म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी तिला पाणी दिलं आणि पाट फिरवायला लागले.

त्या दिवशीच्या आकृतीत मुख्य पाकळी मधोमध चेपलेली आली. सरांनी ती खोडली नाही. शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'आई समोर बसली होती.'