पुढची पिढी येईपर्यंत

घाईने केलेली खरेदी आणि विचारपूर्वक केलेली खरेदी यांत मूलभूत फरक असा, की पहिलीत वस्तू घरी येते.

एका कारखान्याच्या खरेदी विभागाचे मुख्य कारकून दुसऱ्या पंथाचे. तीन पर्यायांचा तुलनात्मक तक्ता झाल्याशिवाय त्यांच्या कारखान्यात टाचणीसुद्धा घेतली जात नसे. (टाचण्यांअभावी तक्ते सुटेच असत.) त्यामुळे बायकोच्या लॅपटॉपने मान टाकली, म्हणजे पडदा खरोखरच मागे कलंडू लागला, तेव्हा प्रकरण योग्य हाती पडले. बायको अनुवादक. पडद्याला पिठाच्या डब्याचा टेकू देऊन ती एका जाडजूड कादंबरीचा अनुवाद करत होती. महिनाअखेरीस तो दिला नाही, तर प्रकाशक काम दुसऱ्याला देणार होता.

कारकुनांनी प्रोसेसरच्या शेवटच्या तीन पिढ्या तक्त्यात घेतल्या. सोयीसाठी त्यांना आजोबा, बाप आणि मुलगा म्हणू. बाप आजोबांपेक्षा अकरा टक्क्यांनी चपळ होता. मुलगा बापापेक्षा चपळ असल्याचे मुलाचे म्हणणे होते. तक्ता सहीला आला आणि बाजारात नातू उतरला. नियमाप्रमाणे आजोबा बाद झाले आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"अहो, मला नुसतं टाइप करायचंय!" बायको म्हणाली.

"आज ठीक आहे गं. पण पाच वर्षांनी काय करशील?"

"महिनाअखेरीस काम हातचं गेलं तर काहीच नाही करणार."

ही गरज त्यांनी 'इतर' या रकान्यात नोंदवली.

एका सकाळी डबा होता तिथेच राहिला, लॅपटॉपने मात्र डोळे मिटले. बायकोने पायांत चपला सरकवल्या, कोपऱ्यावरचे दुकान गाठले आणि कारकुनांचा चहा निवायच्या आत ती खोके घेऊन परत आली.

"कितवी पिढी?" त्यांनी तक्ता पुढे ओढत विचारले.

"काळा आहे," ती म्हणाली आणि कामाला बसली.

अनुवाद वेळेत गेला. कारकुनांना मनापासून वाईट वाटले. तक्ता जवळजवळ झालाच होता. पण माणूस दिलदार. बायको फिरायला गेली, की तिच्याच लॅपटॉपवर ते आता पुढच्या लॅपटॉपचा तक्ता करतात. त्यावर तक्ता फार भराभर उघडतो, हेही त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आहे.

आपण अर्थातच असे नाही. आपण फोनवर जे दोन पर्याय शेजारी शेजारी मांडून ठेवले आहेत, ते केवळ माहितीसाठी. आणि ज्या माणसासाठी ते मांडलेत, त्याने अजून थोडे थांबायला काहीच हरकत नसावी.