खालापूर : हवेतून एक मिनिट

दोन ठिकाणांमधलं सगळ्यात कमी अंतर सरळ रेषेचं असतं, हे मुलांनो, तुम्ही शाळेत शिकलात. शिकणं वेगळं आणि त्यावर श्रद्धा ठेवणं वेगळं. तशी श्रद्धा मी फक्त वरच्या कचेरीत पाहिली.

कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या डोंगरावर आंबेखोरी नावाची ठाकरांची वाडी आहे. १९५८ साली वाडीने नर्सबाई मागितली. नियम असा, की दवाखाना पाच मैलांहून लांब असेल तरच नर्सबाई मिळते. नियम उत्तम होता. (वाईट नियम मी अजून पाहिलेला नाही, वाईट असतात ते डोंगर.) कचेरीने नकाशावर पट्टी ठेवली. आंबेखोरी ते खालापूरचा दवाखाना, तीन मैल. मध्ये कडा, दोन ओढे आणि रान होतं, पण पट्टीला ते लागलं नाही. एका कामसू कारकुनाने विमानाचा वेगही लावून पाहिला आणि उत्तरात घातलं : 'हवाई प्रवासाचा वेळ अंदाजे एक मिनिट. सबब नर्सची आवश्यकता दिसत नाही.'

हे उत्तर मी वाडीत वाचून दाखवलं, तेव्हा वाडीचा कारभारी चांगो याच्या सुनेचे, चिंधीचे, दिवस भरत आले होते. तिची सासू सोमी म्हणाली, "गुर्जी, ह्ये इमान वाडीवर थांबतं कुठं?"

"ते कळवलेलं नाही."

"मग चिंधे, पंख फुटंस्तवर दम धर गं."

"मी धरीन," चिंधी म्हणाली, "पोराला इचारा."

चांगोने पुन्हा मोजणी मागितली. कचेरी दयाळू, म्हणून साहेब स्वतः आले. कर्जतपर्यंत रेल्वे, पायथ्यापर्यंत जीप, पुढे पायी. सकाळी निघालेले साहेब दिवेलागणीला वाडीत टेकले. दुसऱ्या दिवशी कड्यावरून त्यांना खाली दवाखान्याची कौलं दिसली. "तो काय, समोरच तर आहे," असं म्हणून त्यांनी तीन मैल कायम केले.

आणि कडा उतरताना त्यांचा पाय मुरगळला.

आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून न्यायची वाडीची रीत आहे. चौघे खांद्याला, चौघे बदलीला. वाडीत धडधाकट पुरुष तेवढेच होते; ते सगळे साहेबांना घेऊन निघाले. वाटेत साहेबांनी विचारलं, "अजून किती लांब रे?"

"एक मिनिट, सायेब," चांगो म्हणाला.

हे मिनिट संध्याकाळपर्यंत चाललं. (साहेबांचा पाय आठवड्यात बरा झाला. त्यांचा अहवाल त्याआधीच गेला : 'समक्ष तपासणी केली. अंतर तीन मैल. तक्रारीत तथ्य नाही.')

इकडे दुपारी चिंधीला कळा लागल्या. सोमीने पोटावर हात फिरवला आणि पोर आडवं आहे हे ओळखलं. झोळी खालापूरच्या वाटेला, खांदेही त्याच वाटेला. मग सोमीने सुनेला धरून चालत नेलं. परत येणारी माणसं त्यांना दुसऱ्या ओढ्याशी भेटली आणि तिथूनच झोळी पुन्हा फिरली. चिंधी वाचली. पोर वाचलं नाही.

हा धडा मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आलो. मुलं हळवी असतात, मोठी माणसंही. ऐकून सगळ्यांना वाईट वाटतं, तुम्हालाही आत्ता वाटलं असेल. किती वेळ वाटतं, ते मोजून ठेवा. मी दर वर्षी मोजतो. साधारण एक मिनिट भरतं. कारकुनाचा हिशेब अगदी बरोबर होता.