अल्टरनेटरच्या कानात डूल

“स्वराज लग्नाला जाणार तो आपल्या फियाटमधूनच!” बुद्धभूषण पगारेने भर बैठकीत जाहीर केलं.

“अहो, आधी ती चालू तर होऊ द्या,” त्याची बायको चैताली म्हणाली.

स्वराज हा चैतालीचा धाकटा भाऊ. त्याचं लग्न निफाडला होतं आणि पगारेंची जुनी पांढरी फियाट सिडकोतल्या घरापुढे आजारी उभी होती. इंजिन ठणठणीत, पण बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर उपाशी मांजरासारखा रडायचा. बुद्धभूषण अंबडच्या एका कंपनीत हिशेब बघायचा. पण मोबाइलवर त्याने इतके व्हिडिओ पाहिले होते, की मेकॅनिककडे जाणं त्याला आता अपमान वाटू लागला होता.

रविवारी त्याने अल्टरनेटर काढून जेवणाच्या टेबलावर खोलला. नवीन बेअरिंग बसवली, रोटरला वीज पोचवणारे नवीन कार्बन बसवले, बाहेरची बॉडी पॉलिश पेपरने घासून लख्ख केली. घोडं अडलं ते जोडताना. ते दोन कार्बन स्प्रिंगच्या जोरावर पुढे उसळायचे आणि मधला फिरणारा रोटर आत जाऊच द्यायचे नाहीत. कार्बन मागे दाबायचे, मागच्या बारीक भोकातून तार घालून त्यांना अडवायचं आणि जोडून झालं की तार ओढून काढायची, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता.

तार काही मिळेना. काडेपेटीची काडी मोडली. सेफ्टी पिन जाड पडली. चैताली आईबरोबर साड्या घ्यायला गेली होती आणि आरशापुढे तिचे सोन्याचे, मोती लावलेले डूल पडले होते. बुद्धभूषणने एका डुलाचा आकडा पक्कडीने सरळ केला. भोकात तो अस्सा बसला!

रोटर आत गेला, नट आवळले गेले. त्या आनंदात त्याने चंदेरी स्प्रे उचलला आणि पुढून, मागून, खालून मनसोक्त फवारला. मग अल्टरनेटर गाडीत चढवला आणि आंघोळीला गेला.

लग्नाच्या दिवशी सकाळी चैताली ओरडली, “माझा एक डूल कुठाय?”

बुद्धभूषणने चहाचा कप खाली ठेवला. तारेच्या जागी घातलेला डूल ओढून काढायचा राहिला होता.

“गाडीत राहिला असेल,” तो म्हणाला. हे शंभर टक्के खरं होतं.

चैतालीने सीटखाली हात घातले, पायपुसणी झटकली. बुद्धभूषणच्या सासूबाई, म्हणजे चैतालीची आई सुमनबाई, डिकीत डोकं घालून बघू लागल्या. एवढ्या माणसांदेखत बॉनेट उघडायची बुद्धभूषणची छाती होईना. तेवढ्यात फोन आला, लग्न लावणारे भंतेजी हॉलवर पोचले होते. सगळे गाडीत बसले. इंजिन सुरू झालं, पण चार्जिंगचा लाल दिवा काही विझेना.

“दाजी, हा दिवा?” शेजारी बसलेल्या स्वराजने विचारलं.

“नवीन रंग आहे. सेट व्हायला वेळ लागतो.”

डुलाने अडवलेले कार्बन रोटरला टेकतच नव्हते, म्हणजे आता निफाडपर्यंत नुसत्या बॅटरीवर जायचं होतं. स्वराजने गाण्यांचा पेन ड्राइव्ह काढला.

“नको. लग्नाला जाताना मन शांत असावं.”

मोबाइल चार्जिंगला नको. हॉर्न नको. वळताना सिग्नलसुद्धा नको. त्यासाठी एका खिडकीतून सुमनबाईंनी हात काढायचा आणि दुसरीतून चैतालीने.

“जावईबापू, लय दमला माझा हात,” सुमनबाई म्हणाल्या. “या गाडीत काय बटणं नाय का?”

चांदोरीजवळ कांद्याचे ट्रॅक्टर आडवे आले. वाट मिळेना. उशीर झालेल्या नवरदेवाचा संयम सुटला. त्याने वाकून हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला. हॉर्न आधी गरजला, मग कण्हला, मग इंजिनासकट गप्प झाला.

बुद्धभूषण उतरून पुढे पोचेपर्यंत चैतालीने बॉनेट उघडलं होतं.

“अहो, हे काय लटकतंय?”

“पार्ट आहे तो.”

“पार्टला मोती कधीपासून लागायला लागले?”

तिने डूल धरला आणि खस्सकन ओढला. आत काहीतरी खट् वाजलं. ट्रॅक्टरवाल्यांनी गाडी ढकलली, बुद्धभूषणने क्लच सोडला आणि इंजिन धडधडत सुरू झालं. लाल दिवा विझला.

“ताई!” स्वराज किंचाळला. “काय केलंस तू?”

चैतालीने मुठीतल्या चंदेरी डुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. नवरा आरशात मागची गाडी बघत होता. मागे कुठलीच गाडी नव्हती.

“काही नाही,” ती म्हणाली. “एक जास्तीचा पार्ट होता. काढून टाकला.”

ते हॉलवर पोचायच्या आधीच, ताईने गाडी दुरुस्त केली असे स्वराजचे फोन पोचले होते. बुद्धवंदना संपली आणि नेमका जनरेटर बंद पडला. मंडपवाला हँडल मारून घामाघूम झाला, तशी सुमनबाईंनी हाक मारली, “अरे, माझ्या चैतालीला बोलवा!”

चैताली दोन्ही कान मोकळे ठेवून जनरेटरपाशी गेली. मागे बुद्धभूषण तिची पर्स घेऊन. तिने जनरेटरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, “डिझेल आहे का यात?”

नव्हतं. डिझेल घातलं, जनरेटर सुरू झाला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. डिझेलचं बुद्धभूषणलाही सुचलं होतं, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

जेवणं झाल्यावर मुलीचे वडील अदबीने त्याच्याजवळ आले. बुद्धभूषण सावरून उभा राहिला.

“पाव्हणं, एक विनंती हाय. आमच्या विहिरीची मोटर लय कुरकुर करती. ताईसाहेब जाता जाता जरा नजर टाकतील का?”

“विचारून सांगतो,” बुद्धभूषण म्हणाला आणि पर्स सांभाळत तिला शोधायला निघाला.